बोटभर चुन्याखाली

"क्लेम, इथं बोट लाव," बाईसाहेब म्हणाल्या.

मी लावलं. ओकच्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक भिजल्या पावासारखं आत दबलं. चारशे वर्षं मोठ्या दालनाचं छप्पर पेललंय या तुळईनं. या हवेलीच्या भिंती तीस वर्षं मी सांभाळल्यात. आमच्या डर्बीशरचा पाऊस आडवा मारतो, पण जुनी भिंत चुन्यातून पाणी पिते नि चुन्यातूनच सोडते. तिच्या दगडांमधल्या दरजांत सिमेंट भरलं की ती आतल्या आत कुजते. हे मी सगळ्यांना ओरडून सांगत आलोय.

बाहेर जाऊन त्याच उत्तरेच्या भिंतीची दरज खरवडली. बोटभर पांढरा चुना पडला. त्याच्यामागं करडं, कडक सिमेंट.

ही भिंत आर्नल्डनं भरलेली. बारा वर्षांपूर्वी, माझा पाय मोडला त्या हिवाळ्यात. आर्नल्ड म्हणजे माझा जोडीदार, माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलेला तिचा धर्मबाप.

तो पायरीवर बसून थर्मासातला चहा ओतत होता.

"आर्नल्ड, हे काय रे?"

त्यानं एकदाच वर बघितलं. "थंडी पडली होती गड्या. चुना गोठून गळायला लागला. बाईंचा परगावाहून रोज फोन, कधी होणार, कधी होणार. काम गेलं असतं आपलं."

"मग सांगायचंस ना!"

"सांगतोय! कुबड्या घेऊन शिव्या देत आला असतास."

"आलोच असतो! बरं, सिमेंट भरलंस ते भरलंस. वरनं चुना कुणासाठी फासलास? पावसाला तर कळणारच होतं. मलाच कळू नये म्हणून ना?"

तो चहा ढवळत बसला. याच भिंतीला टेकून बारा वर्षं आम्ही दोघांनी पाव नि चीज खाल्लंय.

तेवढ्यात बाईसाहेब बाहेर आल्या. दरज बघितली, नि आवाज न चढवता म्हणाल्या, "हे ज्यानं केलं, त्यानं पुन्हा या घराला हात लावायचा नाही. कोण?"

मनात म्हटलं, बोलू दे त्याला. त्याच्या तोंडून येऊ दे.

आर्नल्डनं कप खाली ठेवला. "हेडमिस्त्री क्लेमच की, बाईसाहेब. त्याच्याच नावावर झालंय सगळं."

यात खोटं काही नव्हतं. तेच जास्त लागलं.

"क्लेम?"

आर्नल्ड थर्मासचं झाकण लावत होता. लागलेलं झाकण पुन्हा फिरवत होता.

"भिंत माझी आहे," मी म्हणालो. "मला शनिवारपर्यंत थांबू द्या. एवढी भिंत सिमेंटातून मोकळी करून जातो."

त्यांनी मान हलवली नि आत गेल्या.

शिडी लावून छिन्नी घातली. सिमेंट दगडापेक्षा कडक, त्यामुळं निघणाऱ्या प्रत्येक तुकड्याला जुन्या दगडाचा पापुद्रा चिकटून येत होता. आर्नल्ड खाली येऊन शिडी धरून उभा राहिला. तीस वर्षं तोच धरायचा.

"राहू दे," मी म्हणालो.

खाली उतरलो, दोरी घेतली, नि शिडी खिडकीच्या दगडी दांडीला बांधली.