बिनदोऱ्याची सुई

मित्रांनो, मला उजेडात धरलेत तर नेढ्यापासून टोकापर्यंत गंजाचे ठिपके दिसतील. मी एक जुनी सुई आहे. हे डाग मला कापसाच्या तुरुंगात पडले.

माझी मालकीण लिंदाउरा. ब्राझीलच्या डोंगरातल्या आमच्या गावी ती शाळेच्या मुलांसाठी भात आणि घेवडा शिजवत असे. संध्याकाळी कॉफी घेऊन दारात बसली, की तिच्या मांडीवर चिंध्या आणि हातात मी. लहानपणी आईच्या झग्यांचे तुकडे जोडता जोडता लागलेला हा नाद कधी सुटला नाही. गावात लग्न असो की बाप्तिस्मा, तिची गोधडी पोचणारच. एकही तिने विकली नाही. "टाके कसले, मुंगीची पावलं!" असे लोक म्हणत, तेव्हा मी सुखावत असे.

मग मुलीच्या, वाल्देतेच्या, लग्नासाठी तिने सर्वांत सुंदर गोधडी मांडली. अस्तर पसरले, त्यावर कापूस अंथरला. दोरा संपला म्हणून मला कापसात खोचले, तेवढ्यात चुलीवर दूध उतू गेले. ती धावली. परतली तेव्हा मी तिच्या ध्यानातून गेले होते. वरून तुकड्यांचा पदर आला आणि अंधार झाला. दुसऱ्या सुईने माझ्या चारही बाजूंनी टाके घातले. टाक्यांच्या ओळीखाली दोन्ही कापडे घट्ट दबतात. ती माझी भिंत झाली. मला जेमतेम बोटभर सरकता येई.

गोधडी पुरी झाल्यावर उशीतल्या सुया मोजताना लिंदाउराला एक कमी भरली. तिने तळव्याने सारी गोधडी चाचपली. जाड कापसातून मी लागले नाही. कोणाला टोचेल म्हणून तिने गोधडी पेटीत बंद केली.

"सगळ्या गावाला गोधड्या, आणि पोटच्या पोरीला बाजारचं ब्लँकेट!" वाल्देते म्हणाली.

"रविवारी उसवते गं."

तो रविवार आलाच नाही. एवढे टाके उसवायचे या विचाराने तिचे हात मागे येत, आणि ती नवी गोधडी शिवायला घेई. पेटीत मला दुसऱ्या सुईची लिंदाउराच्या बोटातल्या धातूच्या टोपीवरची, अंगुस्तानावरची, टकटक ऐकू येई. पावसाळ्यात कापूस दमट होई आणि मी गंजे. गंज कापसाच्या तंतूंना चिकटला, तसे ते बोटभर सरकणेही संपले.

वर्षे गेली. आमच्याकडे जूनमध्ये हिवाळा असतो; त्या थंडीत वाल्देते तान्ह्या मुलीला घेऊन आली.

"आई, ती पेटीतली काढ."

"सुई आहे तिच्यात. पोरीच्या अंगात गेली म्हणजे?"

"मग उसव! का हिचं लग्न होईस्तोवर तुझा रविवार उजाडायचा नाही?"

शेजारीण जांदिरा हसली. "भांडा तुम्ही. मी आपला बिघडलेला रेडिओ फोडून आणलाय. त्याच्या स्पीकरातलं हे लोहचुंबक फिरवून बघा."

चुंबक वरून फिरले. मला ओढ जाणवली, पण कापूस जाड होता आणि गंज मला सोडेना.

"नाहीच ती सुई!" म्हणत वाल्देतेने गोधडी बाळावर ओढली. माझे टोक कोणाकडे होते, ते मला ठाऊक होते. ओरडायला तोंड मात्र नव्हते.

"थांब!" लिंदाउराने गोधडी हिसकावली. "उलटी कर. कापसात खोचलेली सुई खाली अस्तराशी गेली असेल."

अस्तराच्या बाजूने तिने चुंबक हळूहळू सरकवले. तंतू तुटले. मी उभी राहिले आणि अस्तर इवल्या तंबूसारखे वर उचलले गेले.

"ही बघ!"

चार बोटे टाके उसवले आणि मी उजेडात आले.

"एवढंच?" वाल्देतेने विचारले.

"एवढंच," लिंदाउरा म्हणाली. "आणि मी सगळी गोधडी उसवायला भीत होते."

तिने मला राखेने घासले आणि ती फट माझ्याकडूनच शिवून घेतली. गंजामुळे मी कापडात कुरकुरले, पण गेले. मग बाळावर गोधडी पडली.

आता मी सुयांच्या उशीत असते. माझ्या नेढ्यात लाल दोरा कायम लोंबतो. मित्रांनो, काम अर्धे टाकून उठाल, तेव्हा सुईत दोरा राहू द्या. सुईला हाक मारता येत नाही. दोरा बाहेर राहिला, तर कोणीतरी तो ओढील.