पांदणीची चिखलणी

चिखलातलं कोणी काही शिकवायला गेलं की गुणवंतरावाचं डोकं सटकायचं. पोंभुर्ण्याच्या बाजूला धानाची चिखलणी त्याच्यासारखी कोणाला साधत नाही, असं लोक म्हणत, आणि लोकांपेक्षा जास्त तो स्वतःच म्हणे. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ट्रॅक्टर घातला की कसा लोण्यासारखा चिखल करायचा, जास्तीचं पाणी कुठून फोडून द्यायचं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. खोटं कशाला बोला, होताच तो तसा. पण म्हणून जगातला सगळा चिखल धानाचाच असतो असं थोडंच आहे!

शहाऐंशी सालच्या पुराचं पाणी ओसरलं आणि त्याच्या शेतातल्या घरापासून डांबरी सडकेपर्यंतची अख्खी पांदण गाळानं भरून गेली. मैलभराची वाट, दोन्ही बाजूंना मातीच्या बांधांचे उंच धुरे, त्यावर बोरी-बाभळी. मधे गुडघाभर गाळ. आणि नेमकी तेव्हाच कमला, त्याची एकुलती एक पोरगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नववा महिना लागलेला. बायनाबाई सुईण येऊन पोट चाचपून गेली. तिनं गुणवंतरावाच्या बायकोला, सुगंधाबाईला, बाजूला नेलं नाही की कुजबुजली नाही. अंगणात उभी राहून सरळ म्हणाली, "गुनवंतभाऊ, लेकरू आडवं हाय. हे माह्या हातचं काम नाई. कळा सुरू व्हाच्या आत पोरीले चांद्याच्या दवाखान्यात न्या."

जावई हरिदास गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता. त्याला निरोप गेला, त्याचा उलटा निरोप आला: रविवारी जीप घेऊन येतो. म्हणजे रविवारपर्यंत पांदण मोकळी व्हायला हवी होती. दुसरं काही नको, एवढंच हवं होतं.

गुणवंतराव गाळ तुडवत सडकेवर गेला आणि एसटीनं मूलच्या बाजाराला पोचला. अवजारांच्या दुकानदारानं ट्रॅक्टरच्या मागं जोडायचा रुंद लोखंडी पाटा दाखवला. "गाळ खरवडून बाजूला सारायचा ना? मग हाच न्या."

"पाटा?" गुणवंतराव हसला. "पाटा तं बैलाचाबी हाय माह्या घरी, अन् मसाला वाटाचाबी हाय. सेठ, तुमी गादीवर बसता, आमी चिखलात उभे राह्यतो. हे केजवील द्या."

केजवील म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची, पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं. चिखलणीला ट्रॅक्टरला लावतात, म्हणजे तो रुतत नाही. त्याची जुनी जोडी पुरात गेली होती. त्याचा हिशेब साधा होता: गाळ घोटून पातळ करायचा, धुऱ्याला फोड पाडायची, की बांधीतल्या पाण्यासारखा गाळ वाहून जाईल.

सडकेवर टेम्पो थांबला. गुणवंतराव आणि त्याचा शेजारी झिंगू, दोघांनी ती जड चाकं गाळावरून लोटत घरी आणली. दोन दिवसांच्या उन्हानं गाळ वरून आवळला होता. पाय घोट्याच्या वर जात नव्हता.

"भाऊ," झिंगू म्हणाला, "हे तं वाळून राह्यलं. कायले हात लावता? चौघं जन खाटेवर उचलून नेऊ बाईले सडकेपर्यंत."

"माही पोरगी खाटेवर नाई जानार. जीपमधी बसून जाईल, ऐटीत."

सुगंधाबाईनंही सांगून पाहिलं. "झिंगूभाऊ बराबर बोलून राह्यले. तुमी कायले हट्ट करता?"

"तुले काय समजते चिखलातलं?" तो खेकसला. झालं, पुढं कोण बोलतो!

शनिवारी सकाळी त्यानं ट्रॅक्टर पांदणीत घातला. पहिला फेरा झकास झाला. दुसऱ्या फेऱ्यात गाळ पातळ होऊन चाकांवरून सांडू लागला. त्यानं उतरून धुरा फोडला. पण पलीकडची बांधी पुरानं पांदणीपेक्षाही वर भरलेली. तिच्यातलंच पाणी उलटं आत शिरलं. एखादा तिथं थांबला असता. गुणवंतराव नाही थांबला. तिसऱ्या फेऱ्यात पांदणीच्या मधोमध ट्रॅक्टरचं पोट चिखलावर टेकलं. चाकं जागच्या जागी फिरली आणि मशीन बंद पडलं. खालची जुनी मातीही घोटून निघाली होती. घरापासून सडकेपर्यंत मांडीभर चिखल झाला, एकसारखा, मऊसूत, रोवणीला तयार. आयुष्यात त्यानं इतकी सुरेख चिखलणी केली नव्हती.

रविवारी उजाडताच कमलाला कळा सुरू झाल्या.

मग खाट निघालीच. झिंगू, आणखी दोघं आणि गुणवंतराव. धुरे काट्यांनी आणि फोडींनी भरलेले, तिथून खाट जाईना. चिखलातूनच जावं लागलं. एक पाय उपसावा तर दुसरा रुतावा. कमला आधी ओरडत होती, मग "बाबू, लवकर गा, लवकर" असं बापाला म्हणत राहिली. गुणवंतरावाचा जीव तीळतीळ तुटत होता. तो मोठ्यानं रडत होता आणि चालत होता. ट्रॅक्टरपर्यंत पोचेतो ऊन डोक्यावर आलं. समोर, पांदणीच्या टोकाला सडकेवर, जीप उभी दिसत होती. हॉर्नही ऐकू येत होता.

हरिदास चिखलात उतरून त्यांच्याकडे यायला निघाला. छातीपर्यंत माखून तो ट्रॅक्टरपाशी पोचला, तेव्हा कमलाचं बोलणं थांबून बराच वेळ झाला होता. खाटेखाली रक्त टपकत होतं. त्यानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, हाका मारल्या, गाल चोळले. तिची मान एका बाजूला लवंडली.

हरिदासनं ट्रॅक्टरकडे पाहिलं, लोखंडी चाकांकडे पाहिलं.

"पुरात एवढा चिखल होत नाई," तो म्हणाला. "हे कोनं केलं?"

झिंगूनं खाटेचा पाय दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"म्या," गुणवंतराव म्हणाला.

हरिदासनं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. त्यानं सासऱ्याच्या खांद्यावरचा खाटेचा पाय काढून आपल्या खांद्यावर घेतला.

"मामाजी, आता कोनीकडं न्याचं? सडकेकडं का घरी?"

"घरी," गुणवंतराव म्हणाला. त्यानं वळायला पाय उचलला, पण तो निघेना. झिंगू एका हातानं त्याला ओढायला वाकला, तशी खाट कलंडू लागली.

"मले राहू द्या," गुणवंतराव म्हणाला. "तिले न्या."