मागच्या खोलीतली ओल

आमचा घरमालक, म्हातारा हार्बॉटल, कुंपणावर कोपर टेकून एकदा मला म्हणाला होता की त्याच्यामागे हे घर विकत घेता का, असे आधी आम्हालाच विचारले जाईल. आमच्या लार्च क्लोज आळीत असा शब्द कागदावर मागणे म्हणजे समोरच्याच्या तोंडावर अविश्वास फेकणे. मी मान डोलावली, हवेविषयी दोन वाक्ये बोललो आणि घरात जाऊन बायकोला, ग्लेनिसला, सांगितले. त्या दिवसापासून ती भाडेकरू राहिली नाही. भाडे जात राहिले, पण मागच्या दाराशी तिने सफरचंदाचे रोप लावले. फळायला वर्षे घेणारे झाड भाड्याच्या मातीत कुणी लावत नाही.

आमची आळी एका टोकाला बंद आहे. दोन्ही बाजूंना जुळी घरे, प्रत्येकापुढे कपाळाएवढी हिरवळ. इथे माणसे एकमेकांना रोज पाहतात आणि ते पाहणे इतके हलके ठेवतात की त्याचा भार कुणावर पडू नये. पडदे हलतात, माणसे नाहीत.

हिवाळ्याच्या शेवटी हार्बॉटल गेला. त्याचा मुलगा जाइल्स लंडनहून आला, आमच्या दिवाणखान्यात गुडघे जुळवून बसला. वडिलांचा शब्द त्याला ठाऊक होता. आमच्या वयाच्या माणसांना बँक जेवढे कर्ज देते त्याच्या अगदी काठावर उभे राहून आम्ही आमचा आकडा सांगितला. त्याला तो आवडला, किंवा आवडल्यासारखे त्याने दाखवले.

"तुम्हालाच द्यायचंय हो, डेस्मंड," तो म्हणाला. "फक्त एक शनिवार बाहेरच्यांना दाखवू या. नाहीतर माझी बहीण म्हणेल, बापाचं घर फुंकून टाकलं. कुणी तुमच्याहून मोठी बोली लावली नाही, तर घर तुमचं. रास्त आहे ना?"

या देशात त्या एका शब्दाला नाही म्हणता येत नाही. रास्त आहे, मी म्हणालो.

तो गेल्यावर मी ग्लेनिसला माझा बेत सांगितला. घर आहे तसेच राहू दे. उत्तरेकडच्या मागच्या खोलीत भिंतीवर ओल होती, तिच्यापुढे आम्ही कपाट लावले होते. ते मी बाजूला सरकवणार होतो. न्हाणीघरातला नळ रात्रभर कण्हत असे, त्याला कण्हू द्यावे. उन्हाळ्यात मोरीचा वास येतो, हे विचारल्याशिवायच सांगून टाकावे. ग्लेनिसने सगळे ऐकले आणि मान डोलावली. पण गुरुवारी पडदे धुण्यात गेले. शुक्रवारी दारावरचे पितळ चकाकू लागले आणि संध्याकाळी घरभर लिंबाच्या केकचा वास पसरला. त्या रात्री मी ओढलेले कपाट सकाळी पुन्हा जागेवर होते आणि खिडकीत पिवळ्या डॅफोडिलांचा तांब्या होता.

"तूच विकायला काढलंयस की काय?" मी विचारले.

"लोक येणार आहेत, डेस्मंड. माझ्या घरात."

"ते तुझंच राहावं म्हणून तर सांगतोय."

"मग काय, मळकं ठेवून मिळवायचं? तसलं नको मला."

जाइल्सने नेमलेला एजंट टोकदार बुटांचा एक तरुण होता. घर पाहायला लोक येतात तेव्हा आत राहणाऱ्यांनी बाहेर जावे, घर मोठे दिसते, असे त्याने गोड शब्दांत सुचवले. ग्लेनिस म्हणाली की आलेल्या माणसाला चहा विचारायला कुणीतरी हवेच. लोक आले, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवून गेले. दुपारी इमोजन आणि रेफ आले, लंडनचे एक तरुण जोडपे. तिला दिवस गेले होते. तिने केकचे दोन तुकडे खाल्ले. संध्याकाळचे ऊन कुठवर येते ते ग्लेनिसने तिला बोटाने दाखवले, आणि त्या बोटाच्या टोकाशी आमचे घर दुसऱ्या कुणाचे तरी होऊ लागलेले मला दिसले.

मग ती पोर सरळ विचारती झाली. "खरं सांगा हं. तुम्ही राहिलायत इथे. या घरात काही खोट आहे?"

एजंटने बुटांकडे पाहिले. ग्लेनिस म्हणाली, "मला तर कधी काही बदलावंसं वाटलं नाही."

एक वाक्य तेव्हा खोलीत उभे होते: हे घर आम्हाला घ्यायचे आहे. ते बोललो असतो तर त्या पोरीचा चेहरा बदलला असता, कदाचित ती निघूनही गेली असती. पण ते मागणे झाले असते. आम्ही मागत नाही. आमची जीभ घराची निंदा करू शकते, घर हवे असे म्हणू शकत नाही.

मी त्यांना मागच्या खोलीत नेले आणि कपाट ओढले. डाग माझ्या आठवणीपेक्षा मोठा होता, करडा, कडांशी केसाळ. त्याच्यावर घासल्याच्या रेषा होत्या, जुन्या आणि नव्या. माझ्या नकळत ग्लेनिस कपाटामागे हात घालून तो धूत आली होती. हे कळूनही मी थांबलो नाही. मोरी सांगितली, नळ सांगितला, छपरावरची सरकलेली कौले सांगितली. एखाद्या मेलेल्या माणसाचे दुर्गुण सांगावेत तसा मी रंगून बोलत होतो. ग्लेनिस दारात बशी घेऊन उभी होती. तिचे कान लाल झाले. मग ती खाली निघून गेली.

रेफ हसला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सगळीकडे नुसत्या थापा ऐकल्या हो आम्ही. ओलीचं काय एवढं? ही भिंतच पाडायची म्हणतोय मी."

"अशी माणसं जिथे राहिली, ते घर चांगलंच असणार," इमोजन म्हणाली.

सोमवारी जाइल्सचा फोन आला. त्याला फार वाईट वाटत होते. त्यांची बोली आमच्या आकड्यापेक्षा इतकी वर होती की आम्हाला आकडा वाढवायला सांगणेही त्याला क्रूरपणाचे वाटले. त्यांनी तुमचे खूप कौतुक केले, तो म्हणाला, आणि सप्टेंबरपर्यंत राहायला सांगितले. मी त्याचे आभार मानले.

ग्लेनिस बटाटे सोलत होती. मी सांगितले, तरी तिची सुरी थांबली नाही.

"गेलं ते गेलं," ती म्हणाली. "पण ती भिंत कशाला दाखवलीस?"

"आपल्यासाठीच, ग्लेनिस."

"त्या पोरीसमोर. ही बाई घाण झाकून वर फुलं ठेवते, असं."

त्यानंतर ती माझ्याशी कधी वावगे बोलली नाही. चहा ठीक आहे का, असे विचारते. मीठ पुढे केले तर आभार मानते. आळीतल्या माणसांसाठी आम्ही जी भाषा राखून ठेवली होती, ती आता न्याहरीच्या टेबलावर येऊन बसली आहे, स्वच्छ आणि थंड.

ऑगस्टमध्ये समोरच्या मिसेस पेटिफर एक मोठे कार्ड घेऊन आल्या. नव्या कुटुंबाच्या स्वागतासाठी आळीतल्या प्रत्येक घराची त्यावर सही घेत होत्या. तुम्ही अजून इथेच आहात, तेव्हा तुम्हाला वगळणे बरे दिसले नसते, असे त्या अवघडून म्हणाल्या. ग्लेनिसने हात पुसले आणि पेन घेतले. नाताळच्या, वाढदिवसाच्या, दुखवट्याच्या प्रत्येक कार्डावर ती आमची दोन्ही नावे एका दमात लिहीत आली आहे, माझे आधी. या वेळी तिने ठळक अक्षरांत एकच नाव लिहिले आणि पेनला टोपण लावले.

मिसेस पेटिफरनी कार्ड माझ्याकडे वळवले. "आणि तुम्ही, डेस्मंड?"

"राहू दे," ग्लेनिस हसून म्हणाली. "त्याला जे सांगायचं होतं ते त्याने त्यांना केव्हाच सांगून टाकलंय."