म्हणजे तसं काही नाही, पण

लोकांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून कागदावर उतरवायचं, हा माझा धंदा. मुलाखती, बैठका, भांडणं, सगळं येतं. ऑफिसचा नियम असा की ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ते हे आपलं’, खोकला, एकच शब्द तीनदा, हा सगळा पाचोळा काढून टाकायचा. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही. माझ्या हाताखालून गेलेला माणूस कागदावर असा बोलतो, की त्याच्या बायकोनेही त्याला ओळखू नये. ऑफिसात मला ‘पूर्णविराम’ म्हणतात. मी ते कौतुक समजत होतो.

समोरच्या टेबलावर तपासनीस बसते. कानाला हेडफोन, हातात माझी प्रत. सोमवारी ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलंय, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. मी तिच्यापुढे पुढची फाइल सरकवली. इतकी वर्षं मी तिला ‘पुढची फाइल देऊ का’ याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी मी लवकर आलो, मागच्या खोलीचं दार लावलं आणि तिला काय सांगायचं त्याची तालीम रेकॉर्ड केली. ऐकली, आणि स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्यांची वाक्यं झाडूनपुसून देणारा मी, पण माझं एक वाक्य धड शेवटाला गेलं नव्हतं. मग मला जे येतं तेच केलं. त्याची स्वच्छ प्रत टाइप केली, खिशात ठेवली, आणि रेकॉर्डिंग सवयीने तिच्या तपासणीच्या फोल्डरमध्ये टाकून दिलं. माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही.

हे लक्षात आलं तेव्हा तिने हेडफोन काढून ठेवले होते.

“या फाइलची प्रत कुठंय?”

दुसरा कोणी पळून गेला असता. मी प्रत काढून दिली, वर कागदाला घड्या पडल्याबद्दल माफी मागितली.

“‘आपल्या सहवासाची मला मनापासून ओढ आहे,’” तिने वाचलं. “हे कोण बोललं?”

“मीच. शब्द थोडे नीट केलेत.”

“छान बोलतो हो हा माणूस. पण मी याला ओळखत नाही. याच्यासाठी कोण थांबेल?”

“आणि रेकॉर्डिंगमधला?”

“तो ‘म्हणजे तसं काही नाही, पण’ म्हणाला आणि खोकत बसला. पण काय?”

“पण तुम्ही गेलात तर,” मी म्हणालो, “म्हणजे, जाऊ नका असं नाही, नोकरी चांगलीच असणार, पण मग मी, ते, कोणाशी…” आयुष्यात इतकं भिकार वाक्य मी टाइपसुद्धा केलं नव्हतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्या दुसऱ्या शहरातूनच होता.

“हो, बोला,” ती म्हणाली. “हं. नाही, म्हणजे, विचार केला मी. अं, इथे ना, एकांचं बोलणं जरा अर्धं राहिलंय.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

“नाही हो,” ती फोनवर म्हणाली, “आज नाही संपायचं. बरीच वर्षं जातील.”