खायला घातलेलं

कोल्हारच्या सहादेवचं पोट अकरा वर्षं जळत होतं, आणि त्याचं कारण त्याच्या मते एकच होतं: मुक्ताबाई, त्याच्या थोरल्या भावाची बायको. आई गेल्यावर हिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. पण हिच्याच घरची पुरणपोळी खाल्ली त्या दिवशी पोटात पहिली कळ उठली, आणि भगतानं काढा पाजून, ओकवून, ओकारीतून केसांचा पुंजका काढून दाखवला. "घरच्याच बाईनं करणी करून खायला घातलंय!" झालं! अहो, केस भगताच्याच मुठीत असणार, हे सांगायला काय शहाणा माणूस लागतो? पण गावाला तेवढं पुरलं. बाया तिच्या हातचा घास लेकरांना खाऊ देईनात. पुढं भाऊ वारला. सहादेवनं खांदा दिला, पण त्या घरचं घोटभर पाणी प्यायला नाही.

सत्त्याण्णव साली शी डांबरासारखी काळी व्हायला लागली, तेव्हा कुठं स्वारी नगरला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घशातून दुर्बीण घातली, जठराच्या अस्तराचा कण काढला आणि पिवळ्या औषधात टाकला. अर्ध्या तासात औषध गुलाबी झालं.

"पोटात जंतू आहेत," बाई म्हणाल्या. "जखम त्यांनीच केलीय. बहुधा लहानपणापासूनचे असतील. दोन आठवडे गोळ्या घ्या, बरे व्हाल."

"म्हंजी, कुनी खायला घातलेलं न्हाई?"

"नाही हो."

बरं होणार म्हटल्यावर माणसानं हसावं की नाही? सहादेवचं तोंड पांढरंफटक पडलं.

"बाई, परत एकदा तपासा," तो हात जोडून म्हणाला. "चुकलं आसंल."

बाईंनी ती गुलाबी बाटली त्याच्यासमोर धरली.

एसटीतून उतरला तो घरी न जाता थेट मुक्ताबाईच्या दारात. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला. ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती.

"वैनी, पोटात जंतू निगाले. तुजा काईबी दोष न्हवता. लई पाप केलं मी," तो म्हणाला. "पानी दे."

ती आत गेली, तांब्या भरून घेऊन आली. त्याला देण्याआधी थोडं पाणी आपल्या तळहातावर ओतलं, त्याच्यादेखत प्यायली आणि मग तांब्या पुढं केला.

"आता कशाला गं, वैनी?" सहादेवला रडू फुटलं.

"तुज्यासाटी न्हाई रं," पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. "अकरा वर्सं झाली. दारात कुनीबी आलं, तरी आदी मीच पिते."