जांभूळ पडली त्या साली

मित्रांनो, दवाखान्याच्या जिन्याखाली घरघर ऐकू येते ना? तो मी, एक जुना सर्व्हर. नागपुरात माझी जोडणी झाली आणि चादरीत गुंडाळून एसटीने मला पांढरकवड्याकडच्या या छोट्या दवाखान्यात आणलं. नोंदणी, औषधं, रक्तसाठा अशा पाच खिडक्यांवरचे संगणक माझ्याच भरवशावर चालतात. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे धूळ बसली आणि लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले.

एके दिवशी झरी जामणीकडून मानीबाई आली. नोंदणीवरच्या धम्मरत्नने वय विचारलं. ती म्हणाली, "जांभूळ पडली त्या साली झाली मी." म्हणजे गावातलं जांभळाचं झाड कोसळलं, त्या वर्षी तिचा जन्म.

धम्मरत्न सरळ माणूस. त्याने वयाच्या चौकटीत तेच लिहिलं. मला तिथे आकडा हवा होता. मी गडबडलो आणि बंदच पडलो. पडता पडता त्याच्या पडद्यावर भलत्याच रुग्णांची नावं अन् आजार सांडले. पाचही खिडक्या ठप्प झाल्या. रक्ताची पिशवी हाताने शोधेपर्यंत एक रुग्ण अर्धा तास तळमळत होता. तो वाचला, पण मला आजही त्याची लाज वाटते.

मला भंगारात काढायचं ठरत होतं. धम्मरत्नलाही बोल लागले. तेव्हा माझी देखभाल करणारी रुबीना आली. तिचे वडील वाहिदभाई हायवेवर ट्रक दुरुस्त करतात. तिने कोणालाच दोष दिला नाही. "ट्रक बिघडला तर अब्बा त्याले बाजूले घेते," ती म्हणाली, "हायवे बंद नाही करत."

तेच तिने मला शिकवलं. एका खिडकीचं काम बिघडलं तर तेवढंच थांबवायचं. अर्धवट लिहिलेलं पुसून टाकायचं. पडद्यावर फक्त 'नोंद झाली नाही, पुन्हा करा' एवढंच सांगायचं आणि खरं कारण माझ्या आतल्या नोंदवहीत तिच्यासाठी लिहून ठेवायचं. 'अंदाजे वय' अशी नवी चौकटही तिने केली. सगळ्या चुका आधीच ओळखता येणार नाहीत का, असं धम्मरत्नने विचारलं. ती हसली. लोक रोज नवीन काहीतरी सांगणारच, म्हणाली.

तसंच झालं. वर्षभराने मानीबाई आपल्या लेकीला, नंदाबाईला, बाळंतपणाला घेऊन आली. रक्तस्राव थांबत नव्हता. मोबाइल नंबर विचारला तर मानीबाई म्हणाली, मारोतीच्या दुकानात सांगा. घाईत धम्मरत्नने तेच टाइप केलं. मी पुन्हा अडखळलो. तो धसकून जिन्याकडे बघू लागला.

पण अडली ती त्याची एकच खिडकी. त्याच क्षणी रक्तसाठ्याच्या खिडकीने पिशवी विचारली आणि मी सांगितलं, दुसरा कप्पा, तिसरी पिशवी. नंदाबाई वाचली, तिची मुलगीही.

मित्रांनो, रुबीनाचे उपकार मी विसरणार नाही. कोणी अडखळलं तर त्याला फेकू नका, बाजूला घेऊन सावरा. आणि माझ्या डोक्यावर कप ठेवू नका.

परवा ती मुलगी लस घ्यायला आली होती. धम्मरत्नने जन्मतारीख विचारली. मानीबाईने जिन्याखाली माझ्याकडे बोट दाखवलं.

"ते मशीन पडलं नाही, त्या दिवशीची हाये ही."