बरणीकाकांचं नाक

बाजाराच्या वळणावर डबे, बरण्या आणि बाटल्यांचं एक दुकान होतं. मालकाला सगळे बरणीकाका म्हणत. खरं नाव बहुधा वीजबिलापुरतंच उरलं होतं. काकांची ख्याती त्यांच्या नाकावर उभी होती. गिऱ्हाइकानं काहीही उचललं की काका झाकण काढत, आत नाक घालत, डोळे मिटत आणि म्हणत, "न्या, निर्धास्त न्या." नाहीतर म्हणत, "ही राहू द्या, वास उग्र आहे." अशा वासाचा माल ते आल्या पावली परत धाडत. त्यामुळे घाऊक व्यापारी त्यांच्या नावानं बोटं मोडत आणि गिऱ्हाइकं डोळे झाकून त्यांच्याकडे येत.

पण मध्यंतरी एका तापात काकांचं नाक गेलं. म्हणजे जागेवर होतं, चष्मा धरायच्या कामाचं होतं. वास तेवढा येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो काही आला नाही. बायकोखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुकानात काका पूर्वीसारखंच झाकण काढत, नाक घालत, डोळे मिटत. सुरुवातीला लाज वाटे, मग अंगवळणी पडलं. माल नावाजलेल्या कंपन्यांचाच ठेवायचा म्हणजे झालं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

एका सकाळी पलीकडच्या वाचनालयातली ग्रंथपाल दुकानात आली. तिला सातवा महिना लागला होता. पिशवीतून तिनं एक निळी बाटली काढून काउंटरवर ठेवली. बाहेरून रंगीत, आतून पांढरा गुळगुळीत लेप दिलेली. त्या दिवसांत काकांच्या दुकानातून या बाटल्या हातोहात खपत होत्या.

"काका, हिच्यात गरम पाणी ओतलं की वास येतो. रंगाच्या डब्यासारखा."

"धुतली होतीस ना नीट?"

"धुऊन धुऊन हात दुखले. घरात कुणालाच वास येत नाही. नवरा म्हणतो, तुझं डोकं फिरलंय. सासूबाई म्हणतात, डोहाळे. हल्ली मला भिंतींचासुद्धा वास येतो, हे खरंच आहे. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

काकांनी झाकण काढलं. आत नाक घातलं. डोळे मिटले. आत काय होतं ते त्यांच्या नाकाला काही कळलं नाही.

"नाही गं पोरी. काही वास नाही."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "तुम्ही म्हणता म्हणजे नसेलच. उगाच मनात पाल चुकचुकत होती." बाटली पिशवीत टाकून ती गेलीसुद्धा.

ती भांडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तिनं एका शब्दानं उलट विचारलं नाही, हेच त्यांना टोचत राहिलं. दुपारी घरी जेवायला बसले तर घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला.

"काय झालंय?" बायकोनं विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "दुकानातनं तसली एक बाटली आणलीत का?"

"नाही."

"मग जेवण झाकून ठेवते. घेऊन या जा."

काका बाटली घेऊन आले. बायकोनं ती स्वच्छ विसळली, उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं. भांडी घासून होईपर्यंत तिच्याकडे पाहिलंही नाही. मग झाकण काढून नाक जवळ नेलं आणि मान झटकन मागे घेतली.

"अहो, हे काय पाणी म्हणायचं? डोळे चुरचुरले माझे."

काका चपला अडकवून तसेच वाचनालयाकडे निघाले. ग्रंथपाल पुस्तकांना वेष्टनं घालत बसली होती आणि निळी बाटली तिच्या कोपराशी होती, अर्धी रिकामी. काकांनी आधी ती बाटली उचलून आपल्या हातात घेतली, मग बोलले.

"पोरी, हे पिऊ नकोस. मी सकाळी खोटं बोललो. मला वास येतच नाही. कशाचाच येत नाही."

तिचा हात आपसूक पोटावर गेला. "सकाळपासून पितेय मी हे. तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतंत."

"हवं होतं."

तिनं हातातलं वेष्टन बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे माझं डोकं फिरलेलं नाही."

"तुझं एकटीचंच ठिकाणावर आहे."

यावर तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं तिथूनच आपल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाटली बंद करा, साधं पाणी भरपूर प्या, एवढ्यानं घाबरायचं कारण नाही, असं त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे काकांचा जीव भांड्यात पडला.

काकांनी लगेच घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "काही होत नाही हो. दोनदा धुवायला सांगा."

"तुमच्या सुनेला द्याल ही बाटली?" काकांनी विचारलं आणि फोन ठेवून दिला.

काकांनी बाटल्या तपासणीच्या प्रयोगशाळेत दिल्या. तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी साध्या शब्दांत सांगितलं, की आतला लेप भट्टीत पुरता भाजलाच गेलेला नाही. गरम पाणी पडलं की त्यातलं द्रव्य पाण्यात उतरतं. त्यांनी ते कंपनीलाही कळवलं, आणि कंपनीनं तो सगळा माल बाजारातून परत बोलावला.

कंपनीचा निरोप घरोघरी पोचण्याआधीच काका दारोदार फिरून बाटल्या गोळा करत होते. प्रत्येक दारात बाटलीबरोबर नाकाचंही सांगत. काहींनी तोंडावर दार लावलं आणि पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण बहुतेकांनी आत बोलावलं. एक निवृत्त बसचालक तर म्हणाला, "माझी बायको चाळीस वर्षं सांगतेय की माझ्या घोरण्याचा तिला त्रास होत नाही. तुमचं खोटं त्यामानानं लहान आहे. बसा."

ग्रंथपालबाईंच्या सासूबाई स्वतःहून दुकानात आल्या. "आम्ही तिला वेड्यात काढत होतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतःहून खरं सांगितलंत म्हणून तिच्या बोलण्याला किंमत आली. नाहीतर ती बिचारी गप्प बसून तेच पाणी पीत राहिली असती."

"अहो, किंमत मी कुठली देणार," काका म्हणाले. "ती आली नसती तर मी आजही सगळ्यांना हेच पाणी पाजत बसलो असतो. तिचे उपकार आहेत माझ्यावर."

तेव्हापासून नवा माल आला की काकांची बायको दुकानात येऊन बसते. एकदा ग्रंथपालबाई कडेवर लेक घेऊन आल्या, सोबत नणंद. "काका, हिला बाटली हवीय. कुठली घेऊ?"

"मला नका विचारू. काकूंना विचारा."

"काकू वास सांगतील. मी तुम्हाला विचारतेय."

काकांनी वरच्या फळीवरून एक साधी स्टीलची बाटली काढली. "दिसायला काही खास नाही," ते म्हणाले. "जड आहे. पडली तर पोचा येईल. पण आत लेप नाही, रंग नाही, नुसतं स्टील आहे."

नणंदेनं ती हातात तोलून पाहिली. "हीच द्या," ती म्हणाली.